काचेच्या पेटीतलं ऊन

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात किंवा क्वीन्सलँडच्या माळांवर, रस्त्याच्या कडेने लांबच लांब कुंपणं गेलेली असतात. ऊन जरा वर आलं की त्या कुंपणांच्या लाकडी खांबांवर हातभर लांबीचा, मातकट रंगाचा एक सरडा चढून बसलेला दिसतो. गळ्याखाली काटेरी खवल्यांची झालर असते. चिडला की तो ती फुगवतो आणि ती काळी पडते. त्या झालरीमुळेच त्याला बिअर्डेड ड्रॅगन हे नाव मिळालं. शास्त्रीय नाव पोगोना विट्टीसेप्स. आज युरोप-अमेरिकेत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याची गणना होते, आणि पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमध्येही तो पोचला आहे.

खांबावर बसलेल्या या सरड्याकडे थोडा वेळ नीट पाहावं. रात्रीच्या गारठ्याने आखडलेलं अंग तो आधी गडद करून घेतो, कारण गडद कातडी उष्णता लवकर शोषते. मग बरगड्या दोन्ही बाजूंना पसरून पाठ चपटी करतो आणि ती उन्हाकडे तिरकी धरतो. अंग तापत गेलं की रंग उजळू लागतो. आणखी तापलं की तोंड उघडून बसतो, आणि तेवढ्यानेही भागेना तर खाली उतरून झुडपाच्या सावलीत शिरतो. काही वेळाने पुन्हा वर. ही चढउतार दिवसभर चालते. ऑस्ट्रेलियातलं भर दुपारचं उन्हाळी ऊन त्यालाही सोसत नाही. त्याला हवं तेवढंच ऊन तो घेतो, आणि किती घ्यायचं ते तोच ठरवतो.

काचेच्या पेटीत आणल्यावर त्याच्या हातून जातं ते हेच. खाणं आपण देतो, पाणी देतो, बसायला फांदीही देतो. ऊन मात्र दिल्यासारखं वाटतं आणि दिलेलं नसतं. पिवळा बल्ब लावला, पेटी उजळली, सरडा त्याच्याखाली जाऊन बसला, की काम झालं असं माणसाला वाटतं. पण त्या उजेडातून उन्हाचा एक भाग गायब असतो, आणि आपल्या डोळ्यांना तो भाग दिसतच नसल्यामुळे त्याची उणीवही दिसत नाही.

हा भाग म्हणजे अतिनील किरणांतला बी-पट्टा, बोलीभाषेत यूव्हीबी. तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर. हे किरण कातडीवर पडले की तिथल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावाच्या द्रव्याचा रेणू फुटतो आणि त्यातून ड-३ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप तयार होतं. २९५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण या कामात सर्वात तरबेज. पुढची पायरी मात्र प्रकाशाची नाही, उष्णतेची आहे. अंग गरम असेल तर त्या कच्च्या रूपाचं ड-३ मध्ये रूपांतर भराभर होतं, गार असेल तर रेंगाळतं. मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात आणि अखेर जे संप्रेरक बनतं ते आतड्याला अन्नातला कॅल्शियम ओढून घ्यायला लावतं. साखळीतली पहिलीच कडी तुटली तर वाडग्यात कितीही कॅल्शियम असू दे, त्यातला फार थोडा हाडांपर्यंत पोचतो.

माणसाला हे कोडं उलगडायला बराच काळ लागला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला बर्लिनमध्ये मुडदूस झालेली मुलं मोठ्या संख्येने होती. कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने त्यांतल्या काही मुलांना क्वार्ट्‌झच्या पारा-दिव्याखाली बसवलं आणि १९१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडं भरून येताना दिसत होती. त्याने एकाच हातावर किरण टाकून पाहिले तेव्हा दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तातून सगळीकडे जात होतं. दिवा क्वार्ट्‌झचा होता हे इथे महत्त्वाचं, कारण साध्या काचेतून हे किरण जवळजवळ पार होतच नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आजही सरडा पाळणाऱ्या घराघरांत नव्याने शिकावा लागतो. खिडकीची काच बंद ठेवून आतल्या उन्हात पेटी ठेवली, तर उजेड आणि ताप दोन्ही आत येतात, यूव्हीबी बाहेरच राहतं.

मग ड-३ तोंडावाटेच का देऊ नये? दुकानात त्याची पावडर मिळते, आणि एका दिव्याच्या किमतीत तिचे कितीतरी डबे येतात. याचं उत्तर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली थेट बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांवर प्रयोग करून दिलं. काही पिल्लांना यूव्हीबी दिलं, काहींना खाण्यातून वेगवेगळ्या मात्रांत ड-३ दिलं. सहा महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा दिव्याखालच्या पिल्लांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचं साठवणीतलं रूप पावडरवाल्या पिल्लांच्या सुमारे १८ पट निघालं. रोज २ तासांचा प्रकाशही पुरेसा ठरला. पावडर पूर्णपणे निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, पण ती दिव्याची जागा घेत नाही. शिवाय तोंडावाटे गेलेलं ड-३ जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो. कातडीत तसं होत नाही. तिथे गरजेपेक्षा जास्त तयार झालेलं द्रव्य त्याच प्रकाशाने मोडून निरुपद्रवी पदार्थांत बदलतं.

या बाबतीत सरड्याची स्वतःची जाण किती बारीक असते ते २००९ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्यांच्या खाण्यात ड-३ कमी होतं ते अतिनील प्रकाशात जास्त वेळ जाऊन बसत. ज्यांना भरपूर मिळत होतं ते कमी वेळ बसत. जात वेगळी असली तरी पेटी मांडणाऱ्याने यातून घ्यायचं ते घ्यावं. प्राण्याला मोजूनमापून डोस पाजायची जबाबदारी आपली नाही. त्याला निवडता येईल अशी जागा करून देणं, एका टोकाला कडक ऊन आणि दुसऱ्या टोकाला दाट सावली ठेवणं, ही आहे.

किती कडक, याला आता आकडा आहे. हवामानाच्या बातम्यांत सांगतात तोच यूव्ही इंडेक्स इथेही वापरतात. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी रानात सरडे-साप जिथे स्वतःहून बसलेले आढळले तिथलाच इंडेक्स मोजला आणि २०१० मध्ये त्यांची चार गटांत वाटणी मांडली. सावलीतले पहिल्या गटात, भर उन्हातले चौथ्यात. बिअर्डेड ड्रॅगनला तिसऱ्या गटात धरतात. या गटातले प्राणी दिवसभरात सरासरी १ ते २.६ इंडेक्समध्ये असतात आणि कमाल ३ ते ७ च्या दरम्यान जाते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर उन्हाच्या जागेवर, सरड्याच्या पाठीच्या उंचीवर ३ ते ५, आणि तिथून दूर जाताना उतरत उतरत गार टोकाला शून्य.

आता दिवा. बाजारात याच ठिकाणी सर्वात जास्त फसगत होते. आज भरवशाचा पर्याय म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच बनवलेली टी-५ हाय आउटपुट ट्यूब, बोटाएवढ्या जाडीची, १६ मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर १० किंवा १२ टक्के असं यूव्हीबीचं प्रमाण लिहिलेलं असतं. वर चकचकीत रिफ्लेक्टर हवाच, नाहीतर निम्मा प्रकाश छताकडे जातो. ट्यूब पेटीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची असावी आणि उबदार टोकापासून सुरू व्हावी. जुनी, जाड टी-८ ट्यूबही चालते, पण तिची ताकद कमी, म्हणून ती बरीच जवळ आणावी लागते आणि लवकर बदलावी लागते. वेटोळ्याचा सीएफएल छाप यूव्हीबी बल्ब दुकानदार सर्वात आधी हातात देतो, कारण तो स्वस्त आहे आणि साध्या होल्डरमध्ये बसतो. त्याचं यूव्हीबी जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर पडतं, आणि पूर्ण वाढलेल्या सरड्याच्या पाठीला ते पुरत नाही. पारा-वाफेचा दिवा ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतो, मोठ्या, उंच पेटीत तो शोभतो. मात्र तो थर्मोस्टॅटने मंद करता येत नाही, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यांत पेटीची भट्टी होऊ शकते.

इथे काही गोष्टी खास आपल्याकडच्या आहेत. करोनाच्या काळापासून निर्जंतुकीकरणाच्या यूव्ही ट्यूब सर्रास मिळू लागल्या. पाण्याच्या फिल्टरमध्येही तशीच ट्यूब असते. तिच्यातून २५४ नॅनोमीटरचे सी-पट्ट्यातले किरण निघतात. ते जंतू मारतात, आणि सरड्याचे व माणसाचे डोळेही भाजतात. अशी ट्यूब पेटीत कधीही लावू नये. उलट मिठाईच्या दुकानातला माशा मारायचा निळा दिवा किंवा नोटा तपासायचा जांभळा दिवा यूव्हीए, म्हणजे ए-पट्ट्यातले किरण, देतो, त्याने ड-३ बनत नाही. परदेशातून कोणी नातेवाईक दिवा आणून देणार असेल तर आधी व्होल्टेज विचारावं. अमेरिकेतले बल्ब आणि फिटिंग १२० व्होल्टचे असतात, आपल्या २३० व्होल्टवर ते जळतात. आणखी एक बारीक गोम आहे. चार फुटी हाय आउटपुट ट्यूब ५४ वॉटची असते, आणि घरातल्या जुन्या २८ वॉटच्या टी-५ पट्टीत ती लांबीने बरोबर बसते, पेटतेही. पण त्या पट्टीचा चोक तिला पुरेसा करंट देत नाही, आणि ट्यूब अर्धपोटी जळत राहते. तेव्हा फिटिंगही हाय आउटपुटचंच घ्यावं.

यापुढची गोष्ट अंतराची, आणि तिच्यावर जेवढा वेळ घालवू तेवढा थोडाच. किरणांची ताकद दिव्यापासून दूर जाताना झपाट्याने घटते. १२ टक्क्यांची टी-५ ट्यूब, रिफ्लेक्टरसह आणि मधे काहीही नसताना, सरड्याच्या पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर असावी. अंतर पाठीपासून मोजायचं, पेटीच्या तळापासून नाही. सरडा दगडावर चढला की दगडाची उंची आणि त्याच्या अंगाची जाडी दोन्ही वजा होतात. ट्यूब झाकणाच्या जाळीवर ठेवली असेल तर ती जाळी तिच्या बारीकपणानुसार एक तृतीयांश ते निम्मे किरण अडवते, म्हणून बसायची जागा तेवढी वर घ्यावी लागते. शक्य असेल तर ट्यूब जाळीच्या आतच टांगावी. ट्यूबच्या खाली काच किंवा अॅक्रिलिक आलं तर यूव्हीबी जवळजवळ शून्य झालं असं धरून चालावं. पिल्लू वाढलं, फांदी बदलली, वाळू उपसली, की हे अंतर पुन्हा मोजायला हवं.

दिवा वरूनच हवा. या सरड्याच्या भुवयांचा कठडा वरच्या उन्हापासून डोळ्यांना आडोसा देतो. बाजूने प्रकाश आला तर तो थेट बुबुळात जातो. डोक्याच्या मधोमध त्याला तिसरा, फिकट ठिपक्याएवढा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड-अंधार कळतो, आणि दिवस केव्हा सुरू झाला, किती लांबला याचं भान त्यातून येतं. त्यामुळे दिवे टायमरवर ठेवावेत, १२ ते १४ तास चालू, रात्री संपूर्ण बंद. रात्री लाल-निळे बल्ब लावायची गरज नसते. त्यांनी झोप मोडते.

ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी पडली पाहिजेत, हे सर्वात जास्त वेळा चुकतं. सरडा ऊब शोधत जातो. उष्णतेचा दिवा डाव्या कोपऱ्यात आणि यूव्हीबीची ट्यूब उजव्या कोपऱ्यात असेल तर तो दिवसभर डावीकडे बसेल, आणि उजवीकडची महागडी ट्यूब रिकाम्या वाळूवर चमकत राहील. रानात ऊब आणि अतिनील किरण एकाच सूर्यातून, एकाच दिशेने येतात, पेटीतही तसंच हवं. बसायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, गार टोक २२ ते २६. महाराष्ट्रात उन्हाळ्यात हे गार टोक सांभाळणंच अवघड जातं, म्हणून पेटी लांब हवी. दोन फुटी पेटीत ते जमत नाही.

ट्यूब मरते तेव्हा विझत नाही, ही तिची वाईट खोड. आतल्या लेपाची यूव्हीबी देण्याची शक्ती कमी होत जाते, पांढरा उजेड मात्र तसाच राहतो. टी-८ सहा महिन्यांनी, टी-५ वर्षाने बदलायची अशी सर्वसाधारण पद्धत आहे. रंग बदलणारी चाचणी-कार्डं मिळतात, पण ती यूव्हीएनेही रंग बदलतात, म्हणून जुनी ट्यूबही त्यांच्यावर उत्तीर्ण होते. खरं मोजमाप सोलरमीटर ६.५ सारखं उपकरण करतं. ते ट्यूबखाली, पाठीच्या उंचीवर धरलं की इंडेक्स समोर दिसतो. वेल्समधल्या पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स यांनी अशा मोजमापांचा ध्यास घेतला, आणि २०१६ मध्ये सहकाऱ्यांसह शेकडो जातींसाठी मार्गदर्शक आकडे मांडले. आज अनेक प्राणिसंग्रहालयं याच पद्धतीने दिवे लावतात.

आपल्याकडे खरं ऊन भरपूर आहे, त्याचा उपयोग अवश्य करावा. पण सूर्योदयानंतरच्या अगदी कोवळ्या उन्हात यूव्हीबी नगण्य असतं, कारण तिरप्या किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो. सकाळी नऊ ते साडेदहाचं ऊन चांगलं. सरड्याला जाळीच्या पिंजऱ्यात न्यावं, अर्धा पिंजरा सावलीत ठेवावा, आणि माणसाने तिथून हलू नये, कारण कावळे, घारी आणि मांजरं टपलेली असतात. काचेची पेटी मात्र उन्हात कधीही ठेवू नये. बंद काचेत काही मिनिटांत तापमान जीवघेणं होतं. आणि कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, तेव्हा दिव्याला पर्याय नाही. वीज चार-सहा तास गेली म्हणून घाबरू नये. अंगात साठलेलं जीवनसत्त्व तेवढ्याने संपत नाही.

सगळं बिघडतं तेव्हा कसं दिसतं, तेही सांगायला हवं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम दहा सेंटिमीटरचं असतं आणि साधारण वर्षभरात ते मोठ्या सरड्याएवढं होतं. एवढ्या वेगाने हाडं बांधायला लागणारा कॅल्शियम आतड्यातून मिळाला नाही, तर शरीर तो हाडांतूनच काढून रक्तात घालतं, कारण हृदय आणि स्नायू त्याच्याशिवाय चालत नाहीत. सुरुवातीला पायाची बोटं थरथरतात. पिल्लू पोट जमिनीवरून उचलत नाही, घसटत चालतं. खालचा जबडा दोन बोटांत हलकेच धरला तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा लवतो. मग जबडा सुजतो, मांड्या फुगतात, शेपटीला, पाठीला बाक येतो, नुसत्या उडीने हाड मोडतं. मादी असेल तर अंडी पोटातच अडकतात. हा सरड्यांचा मुडदूसच. लवकर पशुवैद्याकडे नेलं तर आजार थांबवता येतो; वाकलेला कणा मात्र सरळ होत नाही. उलट टोकही आहे: ट्यूब फार जवळ आली की डोळे मिटून राहतात, पापण्या सुजतात, सरडा प्रकाश टाळू लागतो. अशा वेळी दिवा आधी दूर करावा. खवले नसलेल्या सिल्कबॅक जातीला आणि फिकट रंगाच्या पैदाशींना किरण लवकर बाधतात, त्यांच्यासाठी इंडेक्स खालीच ठेवावा.

खाण्याबद्दल थोडक्यात. रातकिड्यांत फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी कमी, म्हणून ते कॅल्शियम पावडरमध्ये घोळवून द्यावेत. शेवग्याची पानं कॅल्शियमने भरलेली आणि आपल्याकडे दारोदारी मिळणारी. पालक मात्र टाळावा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

हा सरडा योग्य सांभाळला तर दहा वर्षं जगतो, म्हणजे ट्यूबही जवळपास दहा लागतील. पिल्लू आणायच्या आधी हा हिशोब करा आणि आधी दिवा, फिटिंग, टायमर लावून पेटी चालवून पाहा. तेवढा खर्च झेपणार नसेल तर पिल्लू आणू नका. मीटर एकट्याच्या खिशाला जड जातो, म्हणून एका शहरातल्या चार-पाच पाळणाऱ्यांनी वर्गणी काढून एक घ्यावा, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या पेटीत फिरवावा, आणि तारखेसकट आकडा वहीत लिहून ठेवावा. आकडा ३ च्या खाली आला की ट्यूब बदलायची.